आय-मार्क ते कटर: आरटी कर्नलसाठी मॉड्यूल कसं बांधायचं

मसाल्याच्या पाउचची फिल्म मिनिटाला ३० मीटर धावत असेल तर एका मिलिसेकंदात ती अर्धा मिलिमीटर पुढे गेलेली असते. फिल्मवर छापलेली काळी पट्टी आय-मार्क सेन्सरला दिसली की तिथून बरोबर १२० मिलिसेकंदांनी कटर पडायला हवा, कारण दोघांत ६० मिलिमीटरचं अंतर आहे. दोन मिलिसेकंद इकडचे तिकडे झाले की कट एक मिलिमीटर सरकतो आणि एका पाउचची छपाई दुसऱ्यावर जाते. मी भोसरीत जुन्या पॅकिंग मशीनना नवे कंट्रोलर बसवते. अशाच एका मशीनसाठी लिनक्सच्या आरटी (रिअल-टाइम, वेळेचा नेम पाळणाऱ्या) कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, चालणारं मॉड्यूल (गाभ्यात जोडायचा कोडाचा तुकडा) मी लिहिलं, त्याचं नाव कातर. ते कसं बांधलं ते इथे सांगते. कर्नलची नावं आम्ही टेबलापलीकडून एकमेकांना सांगतो तशीच लिहिली आहेत, हेडर फाइल उघडलीत की लगेच ओळखू येतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण ती उशिरा कळली तर महिने जातात. आरटी कर्नलवर मॉड्यूल कंपाइल झालं, लोड झालं, दिवसभर चाललं, तरी ते बरोबर आहे असं धरून चालू नका. कोडातली प्रत्येक ओळ कुठे उभी राहून चालते आहे, हार्ड इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने हाक मारताच बाकी काम थांबवून) की थ्रेडमध्ये (प्राधान्याप्रमाणे पाळी येईल तेव्हा), हे तुम्हाला बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. साध्या कर्नलवर हा प्रश्न अर्धामुर्धा सुटला तरी भागतं, इथे भागत नाही.

आधी ठरवा, मॉड्यूल हवंच आहे का

आरटी कर्नलवर साध्या प्रोग्रामलाही शेड-फिफो, म्हणजे इतरांच्या आधी चालण्याचं, प्राधान्य देता येतं, एमलॉकऑल करून त्याची मेमरी जागेवर बांधता येते आणि बरीच कामं तिथेच होतात. मशीनचा वेग, पाउचची लांबी, रेसिपी, स्क्रीन हे सगळं मी कर्नलबाहेरच ठेवलं आहे. प्रोग्राम चुकला तर तो एकटा पडतो, मॉड्यूल चुकलं तर अख्खं मशीन गोठतं. मॉड्यूलमध्ये फक्त तेवढंच घाला ज्याला इंटरप्टची वेळ नेमकी हवी आहे. माझ्याकडे ते दोनच: पट्टी दिसल्याची वेळ टिपणं आणि ठरल्या क्षणी पिन वर करणं.

आणि इमर्जन्सी स्टॉप कधीही, कोणत्याही कर्नलमधून घेऊ नका. तो सेफ्टी रिलेतून थेट तारेने कटरची वीज तोडणारा असावा.

कर्नल

आरटीचं काम वीस वर्षं मुख्य कर्नलबाहेर पॅच म्हणून चाललं. इंगो मोल्नार आणि थॉमस ग्लाइक्सनर यांच्यापासून कितीतरी जणांनी ते एकेक तुकडा करून आत नेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटचा तुकडा आत गेला आणि १७ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या ६.१२ आवृत्तीत एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्ही यांच्यासाठी तो वेगळा पॅच न लावता मिळू लागला. म्हणून मी ६.१२ वरच थांबले. माझं बोर्ड, म्हणजे कंट्रोलरमधला छोटा संगणक, रास्पबेरी पाय ४ आहे आणि त्याचा ६.१२ चा सोर्स रास्पबेरी पायच्या स्वतःच्या झाडातून, म्हणजे सोर्स कोडाच्या फोल्डरांतून, घेतला.

कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यू-कॉन्फिगमध्ये 'फुली प्रीएम्प्टिबल कर्नल (रिअल-टाइम)' शोधलं आणि दिसलंच नाही, असं बहुतेकांचं होतं. तो पर्याय 'एक्स्पर्ट' चालू केल्याशिवाय वर येत नाही. जनरल सेटअपमध्ये आधी तज्ज्ञांसाठीचे पर्याय उघडा, मग तो निवडा. तिथेच 'लोकल व्हर्जन'मध्ये स्वतःची शेपटी जोडा, माझी '-कातर१' आहे. ही शेपटी नसली तर तुमचा कर्नल आणि बोर्डाबरोबर आलेला कर्नल दोघंही आपापली मॉड्यूलं एकाच नावाच्या फोल्डरात टाकतात आणि मग कोणाचं कुठलं ते सापडत नाही.

पायवर कर्नल कंपाइल करायला तास जातात, म्हणून क्रॉस-कंपाइल करा, म्हणजे पायसाठीचा कर्नल लॅपटॉपवर बांधा. आर्किटेक्चर आर्म६४, आणि क्रॉस-कंपाइलमध्ये कंपायलरच्या नावाचा पुढचा भाग शेवटच्या आडव्या रेघेसकट द्यायचा. ती रेघ राहिली तर मेक सरळ म्हणतो की असा कंपायलर नाही. नवा कर्नल सुरू झाल्यावर 'यूनेम' मोठ्या नाही, धाकट्या व्ही-सकट चालवा. उत्तरात प्रीएम्प्ट-आरटी दिसायला हवं. नसेल तर पुढे जाऊ नका.

मेकफाइल आणि पहिला नकार

मेकफाइल तीन ओळींची. पहिलीत ओबीजे-एम ला कातर डॉट ओ द्यायचं. दुसरीत टार्गेटचं नाव. तिसरीत मेकला सांगायचं की कर्नलच्या बिल्ड फोल्डरात जाऊन, मोठा एम म्हणून आत्ताच्या फोल्डराचा पत्ता घेऊन, मॉड्यूल्स बांध. आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस चालत नाहीत. बिल्ड फोल्डर म्हणजे ज्या झाडातून तुमचा कर्नल खरोखर बांधला तेच झाड. नुसतं 'मॉड्यूल्स प्रिपेअर' करून भागवलं तर मॉड्यूल-सिमव्हर्स फाइल (कर्नलमधल्या फंक्शनांची यादी) तयार होत नाही, आणि कर्नलमध्ये मॉड-व्हर्जन्स (आवृत्त्या जुळवून बघणं) चालू असेल तर पुढे अडतं. पूर्ण कर्नल एकदा बांधाच.

लायसन्सची ओळ विसरली तर बांधणीच अडते. तिथे जीपीएल लिहा. आपल्याला लागणारी बरीचशी फंक्शनं कर्नल जीपीएल मॉड्यूललाच देतो, थ्रेडला फिफो प्राधान्य देणारं शेड-सेट-फिफो त्यातलंच.

माझं मॉड्यूल पहिल्यांदा लोड करताना इन्समॉड या आज्ञेने 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून परत पाठवलं. या वाक्यावरून काहीच कळत नाही, खरं कारण डीमेसेजच्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींच्या, शेवटच्या ओळीत असतं. तिथे दोन ओळखपट्ट्या शेजारीशेजारी होत्या: माझ्या मॉड्यूलची व्हर्शन मॅजिक 'प्रीएम्प्ट', आणि कर्नलला हवी होती 'प्रीएम्प्ट-आरटी'. बोर्डावर नवा कर्नल होता, पण लॅपटॉपवरचं झाड मी आदल्या दिवशी जुन्या कॉन्फिगवर आणून ठेवलं होतं. जबरदस्तीने लोड करायचा पर्याय आहे, तो वापरू नका. आरटीमध्ये स्पिनलॉकचा (एकच माहिती दोघांनी एकदम बदलू नये म्हणून लावायच्या कुलपाचा) आतला साचाच वेगळा असतो. चुकीच्या साच्याने बांधलेलं मॉड्यूल शेजारच्या मेमरीत लिहीत सुटेल. आता मी लोड करण्याआधी मॉडइन्फो चालवून ती पट्टी डोळ्यांनी वाचते.

कोणती ओळ कुठे चालते

आता मुख्य भाग. आरटी कर्नलमध्ये तीन गोष्टी गपचूप बदलतात.

पहिली, तुम्ही रिक्वेस्ट-आयआरक्यू करून दिलेला हँडलर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन, हार्ड इंटरप्टमध्ये चालत नाही. कर्नल त्याला स्वतःचा थ्रेड देतो, फिफो प्राधान्य ५०. बहुतेक ड्रायव्हरांसाठी हेच चांगलं. मला मात्र पट्टी दिसल्याचा क्षण टिपायचा होता, आणि थ्रेड जागा होईपर्यंतचा वेळ कधी कमी कधी जास्त लागतो. म्हणून मी नो-थ्रेड हा ध्वज दिला. हा ध्वज देताना लक्षात घ्या, आता तो हँडलर खऱ्या हार्ड इंटरप्टमध्ये आहे आणि तिथे झोपू शकणारं, म्हणजे वाट बघत थांबणारं, काहीही बोलवता येणार नाही. माझ्या हँडलरमध्ये तीनच कामं आहेत: केटाइम-गेट ने वेळ घेणं, मागच्या पट्टीपासून फार लवकर आलेली खूण धूळ समजून सोडून देणं, आणि टायमर लावणं.

टायमर लावताना 'आत्तापासून १२० मिलिसेकंद' असं देऊ नका. टिपलेल्या वेळेत १२० मिळवून येणारी नेमकी वेळ द्या. हँडलरला पोचायला उशीर झाला तरी तो उशीर मग कटमध्ये उतरत नाही. पाउच १०० मिलिमीटरचा असल्याने दोन पट्ट्यांत २०० मिलिसेकंद असतात, त्यामुळे एकच टायमर पुरतो. सेन्सर कटरपासून एका पाउचपेक्षा लांब असेल तर वेळांची रांग लागेल, ते आधीच हिशोबात धरा.

दुसरी, एचआरटायमर, म्हणजे कर्नलचा बारीक वेळ पाळणारा टायमर. साध्या रीतीने लावलेला एचआरटायमर आरटीवर सॉफ्ट-आयआरक्यूमध्ये, म्हणजे थ्रेडच्या पातळीवर वाजतो आणि त्याच्या आधी दुसरं कोणी घुसू शकतं. हार्ड इंटरप्टमध्येच वाजायला हवा असेल तर मोडच्या नावाच्या शेवटी 'हार्ड' असलेला घ्या, माझा अ‍ॅबसोल्यूट-हार्ड आहे. इनिट करताना आणि सुरू करताना दोन्हीकडे तोच मोड. ६.१२ मध्ये एचआरटायमर-इनिट चालतं, नंतरच्या आवृत्त्यांत त्याची जागा एचआरटायमर-सेटअपने घेतली आहे.

तिसरी, आणि हिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कुलुपं. साध्या कर्नलवर स्पिनलॉक म्हणजे कुलूप मिळेपर्यंत जागच्या जागी फिरत राहणं. आरटीवर तेच नाव, तोच कोड, पण आतून तो म्यूटेक्स असतो: वाट बघणाऱ्याला झोपवणारा आणि कुलूप धरून बसलेल्याला त्याचं प्राधान्य उधार देणारा. स्पिनलॉक-आयआरक्यूसेव्ह लिहिलं तरी आरटीवर इंटरप्ट बंद होत नाहीत. ज्याला जुना अर्थ हवा त्याने रॉ-स्पिनलॉक घ्यायचा.

माझ्या पहिल्या खर्ड्यात टायमरच्या कॉलबॅकमध्ये (टायमर वाजल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) कटची नोंद एका बफरमध्ये जायची आणि त्या बफरला साधा स्पिनलॉक होता. ऑफिसातल्या लॅपटॉपवर, साध्या कर्नलवर, नकली पल्स देऊन हे आठवडाभर चाललं होतं. आरटी कर्नलवर पहिल्याच पट्टीला डीमेसेज भरून गेला. 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट', आणि पुढे फाइलचं नाव, स्पिनलॉक-आरटी डॉट सी. खालच्या ओळीत इन-अ‍ॅटॉमिक १, आयआरक्यूज-डिसेबल्ड १. हा मजकूर दिसला तर घाबरू नका, तो तुम्हाला नेमकं हेच सांगतो आहे की झोपणारं कुलूप तुम्ही जागं राहायच्या जागी घेतलं. त्याखालची फंक्शनांची रांग खालून वर वाचा. जिथे तुमच्या मॉड्यूलचं नाव शेवटचं दिसतं, तिच्या लगेच वरची ओळ म्हणजे चूक.

सगळे स्पिनलॉक रॉ करून टाकावेत असा मोह होतो, तसं करू नका. रॉ कुलूप जितका वेळ हातात, तितका वेळ त्या कोअरवर कोणीच पुढे जाऊ शकत नाही, आणि आरटी कर्नल घेण्याचा अर्थच संपतो. मी कुलूपच काढलं. लिहिणारा एक, वाचणारा एक असेल तर केफिफोला (कर्नलच्या तयार रांगेला) कुलूप लागत नाही. त्याचा आकार मात्र दोनाच्या घातात हवा, माझा २५६ आहे आणि तो आधीच राखून ठेवलेला. कॉलबॅकमध्ये केमॅलॉक करायचंच नाही, जीएफपी-अ‍ॅटॉमिक दिलं तरी. आरटीवर हार्ड इंटरप्टमध्ये आणि रॉ कुलपाच्या आत मेमरी मागणं चूकच आहे.

तीच गत जागं करण्याची. नोंदी वाचणाऱ्या थ्रेडला वेक-अप ने उठवलं तर वेट-क्यूच्या (वाट बघणाऱ्यांच्या रांगेच्या) आत साधा स्पिनलॉक आहे, म्हणजे पुन्हा तोच बग. कम्प्लीट चालतं, कारण ते साध्या-सोप्या स्विट रांगेवर बांधलं आहे आणि तिचं कुलूप रॉ आहे. कम्प्लीट-ऑल मात्र तिथून नको.

पिन वर करायला जीपीआयओडी-सेट-व्हॅल्यू, 'कॅन-स्लीप' नसलेलं. पायच्या स्वतःच्या पिनांचा ड्रायव्हर सरळ रजिस्टरात लिहितो, म्हणून हार्ड इंटरप्टमधून चालतो. आय-टू-सी वरच्या एक्स्पांडरच्या पिना इथे चालणार नाहीत, त्यांना बसवर बोलताना झोपावं लागतं. वायरिंग ठरवतानाच कटरची पिन बोर्डाची स्वतःची घ्या.

प्रिंटके, म्हणजे कन्सोलवर ओळ छापणंही, दर कटला धावणाऱ्या कोडात नको. ११५२०० बॉडच्या सिरियल कन्सोलवर ८० अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला साधारण सात मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात फिल्म साडेतीन मिलिमीटर पुढे गेलेली असते. तपासणीपुरतं ट्रेस-प्रिंटके वापरा, ते मेमरीतच लिहितं.

या चुका मशीनवर जायच्या आधी पकडण्यासाठी एक वेगळा तपासणीचा कर्नल बांधा. त्यात डिबग-अ‍ॅटॉमिक-स्लीप, प्रूव्ह-लॉकिंग आणि प्रूव्ह-रॉ-लॉक-नेस्टिंग चालू ठेवा. हा कर्नल 'इनव्हॅलिड वेट कॉन्टेक्स्ट' म्हणून ओरडला तर आनंदाने ऐका. पण त्यावर वेळा मोजू नका, ही तपासणीच सगळं हळू करते. मोजायला दुसरा, स्वच्छ कर्नल.

उतरवणं

मॉड्यूल लोड करण्याइतकंच लक्ष काढण्याकडे द्या. आमचे फिटरमामा ट्रायलच्या वेळी फिल्म चालू ठेवून उभे होते आणि मी नवी आवृत्ती टाकायला आरएममॉड केलं. बोर्ड जागच्या जागी गोठलं. मामा म्हणाले, "ताई, फिल्म थांबवून काढलं की कधी होत नाही, बघा." त्यांनी बरोबर तेच पाहिलं होतं जे माझ्या नजरेतून सुटलं.

झालं असं होतं: इंटरप्ट मी डेव्हएम पद्धतीने घेतला होता, म्हणजे तो आपोआप सुटतो, पण माझं रिमूव्ह फंक्शन पूर्ण संपल्यानंतर. टायमर मी रिमूव्हमध्येच रद्द करत होते. टायमर रद्द झाल्यावर आणि इंटरप्ट सुटण्याआधीच्या फटीत फिल्मवरची पट्टी आली, हँडलरने टायमर पुन्हा लावला, आणि तो वाजला तेव्हा मॉड्यूलचा कोड मेमरीतून गेलेला होता. फिल्म थांबलेली असताना पट्टीच येत नाही, म्हणून तेव्हा काही होत नसे.

क्रम असा ठेवा: जो दुसऱ्याला उठवतो तो आधी बंद. इंटरप्ट टायमर लावतो, म्हणून रिमूव्हच्या पहिल्या ओळीत डेव्हएम-फ्री-आयआरक्यू. मग एचआरटायमर-कॅन्सल, ते कॉलबॅक चालू असेल तर संपेपर्यंत थांबतं. कॉलबॅक जे कुलूप घेतो ते हातात धरून कॅन्सल करू नका, दोघं एकमेकांची वाट बघत बसतील. मग पिन खाली. मग केथ्रेड-स्टॉप, पण थ्रेड कम्प्लीशनवर झोपलेला असेल तर त्याआधी थांबायची खूण देऊन एकदा कम्प्लीट करून त्याला उठवा. त्यानंतर फिल्म पूर्ण वेगाने चालू ठेवून एका छोट्या स्क्रिप्टने मॉड्यूल शंभर वेळा चढवून उतरवा. कटरची वीज तेव्हा बंद.

मोजणी

आधी नुसता कर्नल मोजा, तुमचं मॉड्यूल न घालता. सायक्लिकटेस्ट, म्हणजे थ्रेड जागा व्हायला लागलेला उशीर मोजणारं साधन, रात्रभर चालवा आणि बाजूला स्ट्रेस-एनजी, हॅकबेंच, कार्डावर मोठी फाइल लिहिणं, नेटवर्कवर कॉपी असा खराखुरा भार ठेवा. मोकळ्या बोर्डावरचा आकडा कामाचा नसतो. सरासरीकडे बघू नका, मॅक्सच्या रकान्याकडे बघा. सीपीयूचा गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा, नाहीतर वेग बदलताना लागणारा वेळही त्यात येतो. उशीर दिसला आणि कारण कळत नसेल तर टायमरलॅट ट्रेसर लावा, आरटीएलए या साधनातून तो सोपा पडतो आणि उशीर इंटरप्टमुळे की थ्रेडमुळे ते वेगळं काढून दाखवतो. इंडस्ट्रियल पीसी असेल तर एसएमआय नावाचा बायॉसचा इंटरप्ट कर्नलच्या पाठीमागून वेळ खातो. त्यासाठी एचडब्ल्यूलॅट ट्रेसर आणि बायॉसच्या सेटिंग्ज बघाव्या लागतात.

मग मॉड्यूल घालून ऑसिलोस्कोप. एक चॅनल सेन्सरच्या पिनवर, दुसरा कटरच्या पिनवर, ट्रिगर पहिल्यावर, पर्सिस्टन्स चालू. दुसऱ्या चॅनलची कड पडद्यावर जेवढी जाड होत जाते तेवढी तुमची जिटर, म्हणजे वेळेतला मागेपुढेपणा. मॉड्यूलच्या आतही मी अपेक्षित वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांतला सर्वांत मोठा फरक डिबगएफएसमध्ये (कर्नलमधले आकडे बाहेरून वाचायच्या जागी) ठेवते, पण स्कोप आणि तो आकडा जुळले नाहीत तर मी स्कोपवर विश्वास ठेवते. एकदा ते जुळत नव्हते, तेव्हा फरक बोर्डात नव्हताच. सेन्सरचे २४ व्होल्ट खाली आणायला साधा पीसी८१७ ऑप्टोकपलर होता आणि त्याचा पुल-अप रेझिस्टर फार मोठा घातल्याने कड तिरकी चढत होती. कोड बदलण्याआधी तार बघा.

मशीनवर सोडताना

आता मॉड्यूल्स-इन्स्टॉल करून फाइल योग्य जागी टाका, डेपमॉड चालवा, आणि मॉड्यूल्स-लोड-डॉट-डी मध्ये कातर एवढं एक नाव लिहून ठेवा. डिव्हाइस-ट्री ओव्हरलेची (कोणत्या पिनला काय जोडलं ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलची) ओळ बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये. पुढची गोष्ट लोक विसरतात: सहा महिन्यांनी कोणीतरी चांगल्या मनाने बोर्ड अपडेट करतं, कर्नलचं नवं पॅकेज तुमच्या कर्नलच्या जागी बसतं आणि कातर लोड होत नाही. कर्नलची पॅकेजेस एपीटी-मार्कने होल्डवर ठेवा, आणि तुमच्या कर्नल इमेजला बूटमध्ये वेगळं नाव द्या म्हणजे ती पुसली जाणार नाही. सुरू होताना तुमचा नियंत्रण प्रोग्राम कातर लोड झालं आहे का ते तपासू दे, नसेल तर मशीनने स्क्रीनवर तसं सांगून फिल्म हलवूच नये.

चालू मेमरी कार्डाची एक हुबेहूब प्रत काढून मी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवते, पाकिटावर यूनेमचं पूर्ण उत्तर आणि मॉडइन्फोमधली व्हर्शन मॅजिक हाताने लिहून.